समाधानकारक हवा

१८ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकटेराव,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीसच ती. खाली वकिलाचा शिक्का तेवढा नव्हता. "बाबांची खोली तयार आहे. पडदे लावून झाले. हवा शुद्ध करायचं यंत्र आणलंय. तारीख कळव." पडद्यांचा रंग लिहायचा राहिला वाटतं.

तारीख कळवत नाही. आपलं ठरलंय ते ठरलंय. फेब्रुवारीत छातीच्या डॉक्टरीणबाई बाबांना पुन्हा त्या नळीत फुंकायला लावतील. आकडा मागच्यापेक्षा खाली आला, तर बाबा तुझ्याकडे, कायमचे, आणि मी तोंडातून ब्र काढणार नाही. खाली आला नाही, तर ते इथेच. मी शब्द दिलाय आणि मी तो पाळीन. आपल्या घरात शब्द फिरवायचं खातं आधीपासून तुझ्याकडे आहे.

चिडलास ना? म्हणूनच मी फोन करत नाही. फोनवर तू चिडलास की मला ऐकू येतं, मग मी चिडते. दीड वर्ष आपण हेच केलं. कागदावर निदान मला माझंच बोलणं पूर्ण करता येतं.

बाबांना या कराराबद्दल काय वाटतं, ते तू विचारलं नाहीस आणि मीही नाही. काल त्यांनीच ऐकवलं. "मी काय बसमध्ये विसरलेली छत्री आहे का? जो आधी ओळख पटवेल त्याने घेऊन जायची?" जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. विसरलेल्या छत्र्यांचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वर म्हणाले, "चौदाव्या मजल्यावर मी बोलू कोणाशी? ढगांशी?"

तब्येत बरी आहे. जिना चढताना मधल्या वळणावर थांबतात, पण ते म्हणतात की तिथून समोरच्यांचा टीव्ही चांगला दिसतो.

बाकी सगळं तसंच. शाळेमागचा काँक्रीट कालवायचा कारखाना आहे तिथेच आहे. पुलासाठी तो 'तात्पुरता' उभा केला होता, आठवतंय? पूल झाला, त्याची फीत कापून झाली, त्याला खड्डे पडले, ते बुजवले, पुन्हा पडले. तात्पुरता कारखाना अजून उभाच. या शहरात काही टिकवायचं असेल तर त्याला तात्पुरतं म्हणावं. वाळू आणि खडीचे ढीग उघडे, सिमेंटचा नळ गळका, आणि पोट फिरवत जाणारे ते ट्रक दिवसभर शाळेच्या भिंतीला घासून जातात.

माझ्या चष्म्यांच्या धंद्याचं म्हणशील तर तेजी आहे. परवा लाँड्रीवाले काका आले. "ताई, नंबर वाढला. सगळं धुरकट दिसतंय." मी त्यांचा चष्मा काढून घेतला, पुसला आणि परत नाकावर ठेवला. "वा! नवीन काच टाकलीत?" "नाही काका, जुनीच दिसायला लागली." ते समाधानाने गेले आणि संध्याकाळी पुन्हा आले.

तर पडदे राहू देत.

ताई

५ नोव्हेंबर

धाकटेराव,

मी राजकारणात पडले आहे. हसू नकोस.

शाळेतल्या कवायतबाई दुकानात आल्या. तू त्यांना पाहिलं नाहीस. बुटक्या आहेत, गळ्यात शिट्टी असते आणि साधं "कशा आहात?" विचारलं तरी आपण ताठ उभे राहतो. मैदानावर मुलं दोन फेऱ्यांत खोकायला लागतात, म्हणून गेली दोन वर्षं त्या कवायत वर्गात घेतात. बाकांच्या मधे उभं राहून मुलं जागच्या जागी पळतात. वरून खालच्या वर्गावर पोपडे पडतात आणि खालच्या बाई वर चिठ्ठी पाठवतात. "हे शिक्षण नाही हो," त्या मला म्हणाल्या, "ही तुरुंगातली हालचाल आहे. तुमची जीभ चालते असं ऐकलंय. अर्ज तुम्ही लिहा."

मी लिहिला. आपल्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तो तपासला. माझं 'धूळ' खोडून त्यांनी 'वातावरणातील धूलिकणांचा वाढता प्रादुर्भाव' असं केलं, 'खोकला' खोडून 'श्वसनमार्गाची पीडा' केलं, आणि अर्ज दुप्पट लांब आणि निम्मा कळण्यासारखा झाला. खात्याला तो फार आवडला म्हणे. आठवड्यात उत्तर आलं! खात्याचं हवा मोजायचं यंत्र आपल्या गल्लीत आठवडाभर बसणार. आकडे वाईट निघाले तर कारखान्याच्या परवान्याची मुदत वाढणार नाही. ती डिसेंबरअखेर संपते आहे.

मग गल्लीची समिती झाली, आणि तिची बैठक आपल्याच गॅलरीत झाली. बाबांनी ती चालवली, म्हणजे काय केलं असेल ते तुला सांगायला नको. "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे!" कोणी दोनदा तेच बोलला की "तुमचा स्टॉप गेला, उतरा." मुख्याध्यापकांना तीनदा उतरवलं. कवायतबाई इतक्या हसल्या की शिट्टी वाजली.

खूप दिवसांनी बाबा असे बोलत होते. मधेमधे थांबत होते, पण बोलत होते.

तू लिहिलंस की सोमवारी संध्याकाळपासून कोणीच फोन उचलला नाही. आम्ही बाहेर गेलो होतो, दोघंही. जरा हवापालट.

ताई

२६ नोव्हेंबर, दुकान बंद करून

धाकटेराव,

अहवाल आला. आपल्या गल्लीची हवा 'समाधानकारक' आहे.

पुन्हा वाच. मीही तीनदा वाचला. शहरातल्या मोठ्या बागेपेक्षा आपली गल्ली शुद्ध आहे. आजारी माणसांना इथे विश्रांतीला पाठवायला हरकत नाही.

काय झालं ते सांगते, पण बसून वाच.

यंत्र आलं ते दोन माणसांनी उचलून आणलं. चंदेरी पेटी, वर छत्रीसारखी टोपी आणि टोपीखाली हवा ओढायचं नाक. मुख्याध्यापकांच्या व्हरांड्यात, कठड्याला लागून मांडलं. बरोबर आलेला खात्याचा कारकून म्हणाला, "याला कोणी हात लावायचा नाही. आठवड्याने आकडा घ्यायला येतो." आणि गेला.

दुसऱ्या सकाळी गल्ली यंत्र बघायला गेली. चंदेरी पेटी राखाडी झाली होती. आता तूच विचार कर. आपण कशी माणसं? रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या डोक्यावर टॉवेल, नव्या सोफ्यावर जुनी चादर. सोफ्याचा खरा रंग तो विकताना कळतो. अशा लोकांच्या हवाली सरकारने एक महागडी, चकचकीत वस्तू केली. कोणीतरी म्हणालं, "खराब झाली तर आपल्याच गळ्यात येईल." कोणीतरी म्हणालं, "झाकून ठेवू या."

आणि मुख्याध्यापकांच्या बाईंनी कव्हर शिवलं. मापात शिवलं. कडेने निळी पट्टी, बाजूला बटण, टोपीसाठी वर वेगळी झालर. पाच मिनिटांपूर्वी जे यंत्र हवा मोजत होतं, ते आता पलंगपोस मोजायला लागलं.

कोणाच्या डोक्यात आलं नाही. गल्लीत दोन इंजिनिअर आहेत, एक मुख्याध्यापक आहे आणि एक मी आहे, जी सगळ्यांना अक्कल शिकवते. मी त्या आठवड्यात काचांची मोठी ऑर्डर कापत होते, व्हरांड्याकडे फिरकलेच नाही. फिरकले असते तर बहुतेक पट्टीचं कौतुक करून आले असते.

आठवड्याने कारकून आला. त्याने कव्हरचं बटण काढलं, आकडा उतरवून घेतला, बटण परत लावलं, म्हणाला, "छान ठेवलंय हो, नाहीतर लोकांना कदर नसते," आणि चहा पिऊन गेला.

अहवाल वाचल्यावर सगळे कारखान्याला शिव्या घालत होते, पैसे चारले असणार म्हणत होते. कवायतबाईंनी एकच विचारलं, "मोजताना कव्हर काढलेलं होतं ना?"

तेव्हा गल्लीतला एकेक जण आपापल्या चपला शोधायला लागला.

कव्हरची सूचना कोणाची, ते विचारू नकोस. कोणाची तरी होती.

ताई

११ डिसेंबर

धाकट्या,

तू फोन केलास आणि बाबांनी तुला "सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलं, आणि तुला ते खरं वाटलं नाही. शहाणा आहेस.

सूचना बाबांची होती.

जन्मभर त्यांनी तिकिटाचं मशीन कापडी पिशवीत जपलं. पाऊस असो, गर्दी असो, मशीन पिशवीतून बाहेर आलं की तिकीट फाडायचं आणि परत आत. डेपोत सगळ्यांची मशीनं बिघडली, यांचं कधी नाही. निवृत्तीला साहेबांनी सत्कार केला तो त्याचा. त्यांना वाटलं, यंत्र आहे, जपावं. ज्या एका आकड्यावर कारखाना हलणं, आणि म्हणून त्यांचं इथे राहणं, अवलंबून होतं, त्यालाच त्यांनी स्वतःच्या हाताने झालर लावली.

लोक काही बोलत नाहीत. तेच वाईट. मुख्याध्यापक फार गोड वागतात. लाँड्रीवाले काका तेवढे बोलतात, पण त्यांचं दुःख वेगळं आहे. त्यांच्या मोरीचं काहीतरी तुंबलंय आणि त्याचं खापर ते कव्हरवर फोडतात. कोणी लक्ष देत नाही.

कारखान्याच्या मॅनेजरने अहवाल चौकटीत घालून फाटकावर लावलाय. 'परिसरातील हवा समाधानकारक.' त्याच्याखालून ट्रक जातो आणि चौकटीच्या काचेवर पाणी मारायला एक माणूस उभा असतो, नाहीतर 'समाधानकारक' दिसत नाही. याच अहवालावर त्याने पाच वर्षांची मुदतवाढ मागितली आहे. अठ्ठावीस तारखेला शाळेच्या सभागृहात सुनावणी आहे.

बाबा गॅलरीत बसत नाहीत. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. काल म्हणाले, "धाकट्याला कळव. जानेवारीतच येतो म्हणावं. फेब्रुवारीपर्यंत कशाला थांबायचं?"

मी कळवत नाही. त्यांनी सांगितलं होतं ते लिहिलं, पण कळवत नाही. हा फरक तुला समजेल.

आणि आता लिहितेच आहे तर, त्या सोमवारी हवापालट नव्हता. सहा वाजता बाबांना श्वास घेता येईना. रिक्षात मी त्यांचा हात धरला होता आणि ते माझा हात दाबत होते, म्हणजे मी घाबरू नये म्हणून. रात्रभर दवाखान्यात ठेवलं, तोंडावर वाफेचा मुखवटा. सकाळी मुखवटा काढल्यावर पहिलं वाक्य, "धाकट्याला सांगू नकोस." दुसरं, "इथला चहा वाईट आहे."

तुला सांगितलं असतं तर तू पुढच्या गाडीने आला असतास आणि त्यांना घेऊन गेला असतास. आणि बरोबर केलं असतंस, असं मला आता कधीकधी वाटतं. मला कारखाना हलवायचाय तो मुलांच्या कवायतीसाठी, असं मी सभांत सांगते. खोटं नाही ते. पण मला बाबा हवेत. वरच्या मजल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज नसला तर मी खाली दुकानात काचा घासत बसून काय करू?

हे पत्र टाकावं की नाही, अजून ठरलं नाही.

ताई

२९ डिसेंबर, सकाळ

धाकटेराव,

मागचं पत्र टाकलं होतं असं दिसतंय, कारण तुझं दोन ओळींचं उत्तर आलं. "आत्ता येत नाही. सुनावणीचं कळव. पण यापुढे दवाखाना लपवलास तर मी तुला बहीण म्हणणार नाही." बरं. तुझ्याकडून आलेलं इतकं चांगलं पत्र मला आठवत नाही.

तर सुनावणी.

सभागृह भरलं होतं. समोर खात्याचे मोठे साहेब, शेजारी तोच कारकून. पलीकडे मॅनेजर, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कारण तो राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याने चौकट उचलून दाखवली. "साहेब, हा तुमच्याच खात्याचा अहवाल. आता खात्यावरच विश्वास नसेल तर बोलणंच खुंटलं."

मी भाषण लिहून नेलं होतं. चांगलं होतं. तीन ठिकाणी टाळ्या होत्या. मी उठणार तेवढ्यात शेवटच्या रांगेतून बाबा उठले. मला न सांगता आले होते. जिना, रस्ता, सभागृहाच्या पायऱ्या, सगळं एकट्याने.

"साहेब," ते म्हणाले, "त्या यंत्राला कव्हर घालायला मी सांगितलं."

मग श्वास लागला. उभेच राहिले. कवायतबाईंनी खुर्ची सरकवली ती त्यांनी पायाने मागे ढकलली.

"मी कंडक्टर होतो. मशीन जपायची सवय. हवा मोजायला ती नाकात जावी लागते, एवढं कळलं नाही. माझ्या स्वतःच्या नाकात जात नाही, तरी कळलं नाही. चूक माझी. बाकीच्यांना तिचं तिकीट लावू नका."

लोक हसले. वाईट नाही हसले. मी तेवढी हसले नाही.

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. "आकडा घेताना कव्हर होतं?"

"होतं साहेब."

"मग?"

"साहेब, इतकं फिट्ट बसलं होतं की मला वाटलं, यंत्राबरोबरच आलंय."

मुख्याध्यापकांच्या बाईंना त्या प्रसंगीही थोडा आनंद झाला. मी पाहिलं.

कवायतबाईंनी ऐकवलं की कव्हरवर सिमेंटचा थर बसला होता, तसा मॅनेजर उठला. "हे सगळं ऐकीव आहे. कव्हर होतं तर दाखवा. त्याच्यावर म्हणे सिमेंट बसलं होतं! आणा कव्हर."

आता सगळ्यांनी मुख्याध्यापकांच्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलंय. तसंच कसं ठेवणार?"

माझं भाषण माझ्या हातात चुरगळलं. असे आपण, धाकट्या. चोर सापडला तर आधी त्याला आंघोळ घालू.

आणि तेवढ्यात लाँड्रीवाले काका ओरडत उठले. कारखान्याच्या विरोधात नव्हे. बाबांच्या.

"चूक माझी म्हणून बसलात होय खाली? माझ्या मोरीचं काय? ते कव्हर माझ्याकडे धुतलं! त्या दिवसापासून पाणी जात नाही!"

"काका, नंतर," मी म्हटलं.

"नंतर काय नंतर! सहा वर्षं गल्लीच्या चादरी धुतोय, पाणी हळूहळू जायचं, पण जायचं. यांच्या कव्हरने शेवटचा घाव घातला. प्लंबर आणला, त्याने पाइप कापला. आत दगड! कापडाच्या पाण्यात दगड कुठून आला, साहेब, तुम्ही सांगा! प्लंबर मला म्हणतो, काका, तुम्ही मोरीत सिमेंट कालवता का?"

साहेब लिहिता लिहिता थांबले. "तो पाइप आहे?"

"आहे ना. टाकू कुठे? उचलतही नाही."

काकांना अजूनही वाटतंय की साहेब प्लंबरचा खर्च द्यायला निघाले होते. सगळी सुनावणी उठून लाँड्रीत गेली. साहेब, कारकून, मॅनेजर, मागे आम्ही. अंगणात पाइपचे तुकडे पडले होते. साहेबांनी एक उचलला आणि आरपार बघायला डोळ्याला लावला. आरपार दिसलं नाही. आत राखाडी, कठीण, घट्ट बसलेला गाभा होता. त्यांनी तो मॅनेजरच्या हातात दिला. पांढरा सदरा, दोन्ही हातांत जड पाइप आणि ठेवायला जागा नाही. तो चेहरा मला काही दिवस पुरेल.

साहेबांचाही नाइलाज होता. कारकुनाने कव्हरसकट आकडा घेतला हे बाहेर पडलं असतं तर खात्याची शोभा झाली असती. त्यामुळे ते चटकन न्यायी झाले. जुना अहवाल रद्द. मोजणी पुन्हा, शाळेच्या गच्चीवर, उघड्यावर. निकाल येईपर्यंत मुदतवाढ नाही.

परतताना लाँड्रीवाले काका बाबांना हाताला धरून आणत होते आणि सबंध रस्ता भांडत होते. बाबा जिन्याच्या वळणावर थांबले. या वेळी टीव्हीचं काही बोलले नाहीत. "दमलो," म्हणाले. आणि मग गॅलरीत जाऊन बसले.

ताई

१९ जानेवारी

धाकटेराव,

घाईत लिहिते. यंत्र गच्चीवर बसलं आणि त्याच्या राखणीला समितीने एकमताने बाबांना नेमलं, कारण पोलिसापेक्षा सुधारलेला चोर बरा. शाळेचे दोन शिपाई त्यांना खुर्चीत बसवून वर नेत. राखण कोणापासून? आपल्याच लोकांपासून. मुख्याध्यापकांच्या बाई तिसऱ्या दिवशी फडकं घेऊन आल्या. "नुसती वरची धूळ झटकते हो." बाबा गच्चीवरून गरजले, "ओ बाई, हात आत घ्या!" खाली मैदानापर्यंत ऐकू आलं. नाकाला फडकं बांधून बसले होते तरी.

आकडा इतका वर गेला की मॅनेजरने तक्रार केली, यंत्र बिघडलंय. कव्हरात होतं तोवर ठणठणीत होतं म्हणे!

परवाना संपला. वाढवला नाही. काल त्यांनी सिमेंटची उंच टाकी आडवी पाडली. गल्ली शाळेच्या भिंतीवर चढून बघत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लाँड्रीवाले काका फक्त म्हणाले, "पाडताना केवढी धूळ करतायत बघा."

ताई

२७ फेब्रुवारी

प्रिय धाकटेराव,

आज तपासणी झाली.

मी तुला जिंकल्याचं पत्र लिहिणार होते. मनातल्या मनात आठवडाभर लिहून ठेवलं होतं, फार कुजकं होतं. ते आता जमत नाही, म्हणून सरळच लिहिते.

बाबांनी नळीत फुंकलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मागचा कागद काढला, दोन्ही शेजारी धरले. मी भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता बघत होते. तो दुसऱ्या डॉक्टरांचा, चुकून तिथे लावलेला. सवयीने खालची ओळ वाचायला घेतली आणि मला वरचं मोठं अक्षरही लागेना.

"खाली नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे खाली नाही. किंचित वर आहे. जे गेलं ते परत येणार नाही, आजोबा पळायला लागणार नाहीत. पण घसरण थांबली आहे. औषध चालू ठेवा. धुळीपासून लांब राहा."

"धूळच आमच्यापासून लांब गेली," बाबा म्हणाले.

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. बाबा शेजारी बसले. ट्रक गेला तो भाजीचा होता, तरी मी श्वास धरला. बाबा म्हणाले, "सोड." मी सोडला. किती दिवसांचा होता कोणास ठाऊक. मग रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि रस्त्यावरच्या बसचे नंबर वाचत बसले.

सगळं छान झालं असं समजू नकोस. पुलावरच्या गाड्यांचा धूर आहेच. पाच नंबरातला माणूस अजून कचरा जाळतो, त्याच्यावर समितीची नजर आहे, म्हणजे कवायतबाईंची शिट्टी आहे. पण मुलं मैदानावर आहेत. इतकी पळतात आणि इतकी ओरडतात की दुपारी झोप लागत नाही, अशी पहिली तक्रार मुख्याध्यापकांनी लिहून आणली. मी तपासली आणि सगळी खोडली. लाँड्रीवाले काका चादरी बाहेर वाळत घालतात आणि दर तासाने बोट फिरवून बोट बघतात. अजून विश्वास बसत नाही. माझा धंदा बसलाय. जुन्या काचांतून लोकांना दिसायला लागलं तर कोणाला नव्या लागतात?

तर करार माझ्या बाजूने सुटला. बाबा इथे राहणार.

पण घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "धाकट्याकडे जाऊन यावं म्हणतो."

मी म्हटलं, "आता? आता तर कोणी नेत नाही तुम्हाला."

"म्हणूनच तर. तेव्हा नेलं असतं. आता मी जातोय."

घराशी उतरताना म्हणाले, "तो घाबरला होता गं, तुझ्यासारखाच. तुम्ही दोघं घाबरलात की भांडता. मी तिघांचं भाडं घेऊन एकटाच बसलो होतो मधे."

तुला एकच सांगते. त्यांच्याशी गोड वागू नकोस. इथे गल्लीभर सगळे त्यांच्याशी गोड वागतात, जिन्यात हात देतात, मुख्याध्यापक तर उठून उभे राहतात, आणि ते कंटाळलेत. तुझ्याकडे आले की पहिल्याच दिवशी कशावरून तरी भांड. बोलताना मधे थांबले तर वाक्य तू पुरं करू नकोस. ते करतात. वेळ लागतो, पण करतात.

आज संध्याकाळी ते स्वतः जाऊन तिकिटं काढायला रांगेत उभे राहिले. परतीचं मिळालंय. जातानाचं मिळालं की तारीख कळवते.

ताई